प्रकरण मंजूर झाले, घर सावरले का?

मा. जिल्हाधिकारी, नांदेड
आणि
मा. जिल्हाधिकारी, लातूर यांना खुले पत्र



तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक पिशवी हमखास दिसते. कापड दुकानातून साडीबरोबर आलेली, बंदांपाशी चुरगळलेली. आत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स, रेशनकार्ड, लेकरांची आधारकार्डे, शाळेचे बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक. वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेला एक फोटो असतो. घराच्या दारात आई आणि दोन लेकरे, तिघेही ताठ उभे. बाल संगोपन योजनेच्या अर्जाला हा फोटो लागतो. पिशवी सांभाळणारी बाई बावीस-तेवीस वर्षांची. लोहा, कंधार, मुखेड, जळकोट, रेणापूर, कुठल्याही तालुक्याला ती भेटते. कागद पुरे झाले की आणखी काही राहिले, हे विचारायला ती पुढच्या सोमवारी पुन्हा येते.

अशा घरांसाठी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत योजना नाहीत असे कुणी म्हणणार नाही. योजना पुष्कळ आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या रकमाही वाढल्या आहेत. म्हणून या पत्रात नवी योजना मागितलेली नाही. आहे त्या योजनांनी या घरांचे काय झाले, ते कसे तपासायचे, एवढाच पत्राचा विषय आहे. आढावा बैठकीत आज मोजदाद होते ती प्रकरणांची. किती आली, किती मंजूर, किती नामंजूर, किती प्रलंबित, किती निधी खर्ची पडला. प्रकरण मंजूर झाल्यावर त्या घराची घडी बसली का, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

ही घरे कोणती, ते आधी सांगायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, बीडमध्ये ४३.७ टक्के. परभणीची शीव नांदेड आणि लातूर दोघांनाही लागते, बीडची लातूरला लागते, आणि सोयरीक काही जिल्ह्याची हद्द बघून होत नाही. लग्न लवकर का होते, हे इथल्या कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरून तांडे आणि वाड्या रिकाम्या होतात, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत संसार चालतो. वयात आलेल्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आई-बापांना पडतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याचदा मांडवात सापडते.

मग एकावर एक गोष्टी चढत जातात. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले लेकरू, तेही कमी वजनाचे. दुसरे पोटात असताना फडावर मोळ्या उचलणे. उचल फिटत नाही म्हणून पुढल्या सालची उचल आताच घेणे. शेत सासऱ्याच्या नावावर. नवऱ्याला व्यसन, नाहीतर आजार, नाहीतर एके दिवशी विषाची बाटली. कोरोनाच्या दोन लाटांनी अशा विधवांमध्ये आणखी भर घातली. यातली एकेक अडचण एकेका योजनेत बसते. सगळ्या अडचणी एकाच घरात राहायला आल्या की ते घर कुठल्याच योजनेत पुरते बसत नाही.

त्या बावीस वर्षांच्या बाईला किती दारे आहेत ते पाहावे. संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये मिळायचे तर दारिद्र्यरेषेच्या यादीतले नाव. शेतीवर वारस लावायचा तर तलाठी आणि फेरफार. घरकुलासाठी पंचायत समिती. लेकराच्या आहारासाठी अंगणवाडी, लसीसाठी आशाताई, मोठ्याच्या दाखल्यासाठी शाळा. बाल संगोपनासाठी जिल्ह्याच्या गावी बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त आहे. सकाळची एस. टी. पकडून गेले तरी तो दिवस मजुरीतून गेलाच. देगलूर-बिलोलीकडच्या सुनेचे माहेर तेलंगणात असले, निलंगा-देवणीकडचीचे कर्नाटकात असले, की जन्माचा दाखला दुसऱ्या राज्याचा आणि दुसऱ्या लिपीतला. प्रत्येक कचेरी आपापल्या पुरती बरोबर असते. तलाठ्याला फेरफार दिसतो, अंगणवाडी ताईला वजन दिसते, बँकेला केवायसी दिसते. ती बाई, तिची दोन लेकरे आणि म्हातारी सासू असे अख्खे घर एकत्र पाहायचे काम कुणाच्याच वाट्याला नाही.

अटींचेही तसेच. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला १,५०० रुपयांसाठी वयाची अट २१ ते ६५ अशी ठरली. ज्या पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी झाले, ती एकोणिसाव्या वर्षी दोन लेकरांची आई असते आणि या अटीबाहेर राहते. तिचे वय खरे सांगितले तर लग्नच गुन्हा ठरते. बाळंतपणात वय अठराच्या आत निघाले की पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, म्हणून घरचे वय वाढवून सांगतात किंवा नोंदणीच टाळतात. कायदा हवाच, त्याने पोरी वाचतात. पण जिला आधाराची सर्वांत जास्त गरज ती आई नोंदवहीतून अशी निसटते, आणि मूल्यमापन नोंदवहीवरून करायचे म्हटले तर तिथे ती सापडणारच नाही. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. दोन लेकरांना रोज दोन वेळ जेवू घालणारी कुठलीही मजूर बाई खरे उत्पन्न लिहून या मर्यादेत कशी बसेल?

बाल संगोपन योजनेचे उदाहरण मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण अनेक अडचणींनी एकाच वेळी घेरलेल्या घरांसाठी राज्याने आखलेली हीच सर्वांत थेट योजना आहे. अनाथ मुले, एकच पालक असलेली मुले, आई किंवा बाप दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेला किंवा तुरुंगात असलेली मुले हिच्यात येतात. बरीच वर्षे मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. पुढे ते १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५० रुपये. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. ही वाढ मोठी आहे आणि ज्यांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला त्यांचे ऋण मान्य करायला हवे. कोरोनात एकल झालेल्या महिलांसाठी काम करणाऱ्या गटांनी गावोगाव अर्ज भरून घेतले म्हणून ही योजना कित्येक घरांना पहिल्यांदा माहीत झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने याच महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ आखले आणि तालुक्यात तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळ्या खात्यांची माणसे एका टेबलाशी बसवण्याचा तो प्रयत्न होता.

या २,२५० रुपयांनी काय केले, हे मात्र खर्चाच्या तक्त्यातून कळत नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला आले तर त्यातून दूध, वही, तापाचे औषध भागते. सहा महिन्यांचे एकदम आले तर ते किराणा दुकानाच्या उधारीत किंवा उचलीच्या फेडीत जातात. खर्चाची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते. लेकराच्या ताटात पडलेला फरक मात्र त्या घरात जाऊन बसल्याशिवाय दिसत नाही.

घरात जाऊन तपासायचे म्हटले तर मराठवाड्याला ते नवे नाही. आपल्याच विभागाचा इतिहास त्याला साक्षी आहे. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागातली सगळी लेकरे खरोखर वजनकाट्यावर घ्यायला लावली. त्याआधी कागदावर तीव्र कुपोषित मुले मोजकीच होती, कारण आकडा वाढला की सेविकेला आणि पर्यवेक्षिकेला जाब विचारला जाई. खरे वजन लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हा विश्वास आधी द्यावा लागला. मग आकडे वाढले, आणि वाढलेल्या आकड्यांवरच काम उभे राहिले. त्यातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याचे पहिले मुख्यालय मराठवाड्यात, औरंगाबादेतच होते.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. मिशनचे यश मिशनने स्वतः जाहीर करून भागले नाही. २०१२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफच्या मदतीने स्वतंत्र पाहणी केली. दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा २००५-०६ मध्ये ३९ टक्के होता, तो सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे त्या पाहणीत दिसले. मोजणारा वेगळा होता म्हणून त्या आकड्याला जगभर वजन आले. पुढे गाडी अडली, हेही अशाच स्वतंत्र मोजणीतून कळले. पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा राज्यात २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. वयोगट वेगळा असल्याने हे आकडे आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही, पण पाच वर्षांत पुढे सरकलो नाही एवढे त्यातून स्पष्ट होते.

गडचिरोलीचे काम तर आपण सारे जाणतोच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग उभा केला आणि शेजारच्या ४७ गावांत तीच मोजणी तितक्याच काटेकोरपणे चालू ठेवली. तुलनेची गावे होती म्हणूनच नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ठामपणे मांडता आले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा जाते, त्याचे मूळ या मोजणीत आहे. २००१ मध्ये ‘सर्च’सह राज्यातल्या तेरा संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू समोर ठेवले. सरकारने त्यावर बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडेच दिले. ज्याने चूक दाखवली त्यालाच तपासायला बसवण्याचे ते धाडस होते, आणि ते याच राज्याच्या प्रशासनाने दाखवले होते.

उलटे उदाहरण इंग्लंडचे आहे. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये अनेक अडचणींत सापडलेल्या कुटुंबांसाठी ‘ट्रबल्ड फॅमिलीज’ नावाचा मोठा कार्यक्रम काढला. बेकारी, शाळा बुडवणारी मुले, पोलिसांत गेलेली पोरे, घरातली मारहाण, सगळे एकत्र असलेली घरे शोधायची आणि प्रत्येक घरामागे एकच कार्यकर्ता नेमायचा. कल्पना चांगली होती. पण घर ‘मार्गी लागले’ असे कळवले की स्थानिक प्रशासनाला त्या घरामागे पैसे मिळत. तीन वर्षांनी आकडा जाहीर झाला. १ लाख १७ हजार ९१० कुटुंबांपैकी १ लाख १६ हजार ६५४ कुटुंबे मार्गी लागली, म्हणजे जवळजवळ ९९ टक्के. २०१६ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झाले. तशाच अडचणींत असलेल्या, पण कार्यक्रमात न आलेल्या कुटुंबांशी तुलना करून पाहिले, तर रोजगार, शाळेतली हजेरी, मुलांची सुरक्षितता यांपैकी कशावरही लक्षणीय परिणाम सापडला नाही.

तिथल्या सरकारने त्यानंतर कार्यक्रम गुंडाळला नाही. पुढच्या टप्प्यात तुलनेची सोय आधीपासून केली आणि जास्त काळ पाठपुरावा ठेवला. २०१९ च्या अहवालात कार्यक्रमातल्या घरांमधून सरकारी देखभालीत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनेतल्या घरांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी दिसले. ९९ टक्क्यांच्या आकड्यावर खूश राहिले असते तर हा दुसरा टप्पा कदाचित असा आखलाच गेला नसता.

जमैकाचा धडा यापेक्षाही आपल्या जवळचा आहे. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ च्या सुमारास १२९ खुजी मुले निवडली. काहींना नुसता पूरक आहार दिला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्य कार्यकर्ती तासभर जाऊन आईला लेकराशी खेळायला, बोलायला शिकवू लागली. खेळणी घरातल्याच डब्या-झाकणांची केलेली. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ परिणाम कमाईत दिसला नाही. आपल्याकडे घरपोच आहाराची पाकिटे मोजली जातात. अंगणवाडी ताईने त्या घरी किती वेळ बसून आईशी काय बोलणे केले, ते मोजले जात नाही. त्यासाठी तिला वेळही मिळत नाही, कारण तिच्या हातात मोबाईलवर भरायच्या नोंदींचा ढीग असतो.

घरात जाऊन विचारण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ महिलांशी महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’ने २०१८ मध्ये बोलून पाहिले. ११ जिल्ह्यांतल्या या महिलांपैकी ४० टक्के महिलांना कसत असलेल्या शेतावर हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या केवळ ३५ टक्के होत्या. सानुग्रह मदतीचे एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हे २००६ पासून चालत आलेले सूत्र आहे. प्रकरण पात्र ठरून ही रक्कम जमा झाली की शासनाच्या लेखी ते घर संपले. त्या घराचे पुढे काय झाले, हे विचारायला संघटनेच्या बायका गेल्या, आणि त्यांच्या पाहणीनंतर जून २०१९ मध्ये या महिलांसाठी राज्याला वेगळा शासन निर्णय काढावा लागला. एका प्रामाणिक पाहणीने एवढे होते.

लातूरकरांना आणखी एक गोष्ट आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली, हजारो घरांची दुरुस्ती निघाली. त्या कामात गावोगावच्या साध्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांना तयार केले. हप्ता कुणाचा अडला, कुणाचे छत पुरे झाले, कोण अजून पत्र्याखाली आहे, हे त्या दारोदार जाऊन विचारत आणि अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून सांगत. काल चुलीपाशी बसणारी बाई आज इंजिनिअरला प्रश्न विचारते, हे मराठवाड्याने तेव्हा पाहिले. त्यांच्यातल्या कित्येकींनी पुढे बचत गट उभे केले. ही परंपरा आपल्या जिल्ह्याची आहे, तिला बाहेरून आणावे लागणार नाही.

आता मागणे काय, ते स्पष्ट मांडतो.

नांदेडचे १६ तालुके आणि लातूरचे १० मिळून २६. प्रत्येक तालुक्यातून २० घरे घ्यावीत, म्हणजे ५२० घरे. ती चिठ्ठ्या टाकून निवडावीत, कुणी सुचवलेली नकोत. पैकी १० घरे ज्यांचे बाल संगोपन किंवा निराधारचे प्रकरण मंजूर झाले अशी, ५ घरे ज्यांचे नामंजूर झाले किंवा रखडले अशी, आणि ५ घरे ज्यांच्यापुढे अंगणवाडीच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा आहे अशी. हा शेवटचा गट सर्वांत अवघड आहे आणि तोच सर्वांत जास्त सांगणारा आहे. स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी राज्याने २०२२ मध्ये ऑनलाइन प्रणाली सुरू केली. ज्या लेकराच्या नावापुढे शेरा पडला त्याला कारखान्याच्या तळावर आहार मिळाला का, लस मिळाली का, हे तळावर जाऊनच कळेल. मंजूर आणि रखडलेली घरे शेजारी ठेवल्याने तुलनाही आपोआप होईल. कुणाची मदत मुद्दाम अडवून तुलना करण्याची गरज नाही, आणि तसे करणे योग्यही नाही. रखडलेले प्रकरण पाहणीत सापडले की ते तिथल्या तिथे मार्गी लावावे.

भेटी वर्षात चार व्हाव्यात आणि त्यांचे वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकावर बेतावे. पहिली दसऱ्याआधी, ट्रक भरण्यापूर्वी. दुसरी जानेवारीत, थेट फडावर, मग तो कारखाना पश्चिम महाराष्ट्रात असो की कर्नाटकात. तिसरी पट्टा पडून लोक गावी आल्यावर. चौथी जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतर.

विचारायचे प्रश्नही दहा-बारापेक्षा जास्त नसावेत. लेकराचे वजन आणि उंची, तिथेच मोजून. मोठे पोर शाळेत जाते का, आणि मागच्या महिन्यात किती दिवस गेले. घरावर आज कर्ज किती आणि कुणाचे. शेत, घर, रेशनकार्ड यांतले काय तिच्या नावावर आहे. मदतीचे पैसे कुठल्या महिन्यात आले आणि कशात गेले. एका दाखल्यासाठी किती हेलपाटे घातले, किती मजुरी बुडाली, वाटेत कुणी पैसे मागितले का. रात्री झोप लागते का. मागच्या तीन महिन्यांत कुठल्या खात्याचे माणूस घरी येऊन बसून बोलले. आणि शेवटी एक प्रश्न तिलाच: या सगळ्यातल्या कशाने बरे वाटले आणि कशाने त्रास झाला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे, रकान्यात कोंबू नये.

पाहणी करणारे लोक योजना राबवणाऱ्या खात्यांपैकी नसावेत. अंगणवाडी ताई आणि आशाताई यांच्यावर हे काम टाकू नये. त्यांच्यावर आधीच ओझे आहे, आणि पाहणीत त्यांच्याही कामाची बाजू येणार आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. समाजशास्त्राचे, समाजकार्याचे विद्यार्थी तिथे शिकतात, आणि त्यांच्यातली बरीच मुले याच तांड्या-वाड्यांवरून आलेली आहेत. त्यांच्यासोबत प्रत्येक तालुक्यातली एक अशी बाई असावी जिने स्वतः या कचेऱ्यांचे जिने चढले आहेत. दुसऱ्या बाईचे दुखणे तिला लवकर कळते.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र पहिल्याच दिवशी घ्यावी. कुठल्याही घराचे नाव अहवालात येऊ नये. आईचा आजार, पोरीचे वय, नवऱ्याचा मृत्यू कसा झाला, या गोष्टी गावात एकदा बाहेर पडल्या की त्या पुसता येत नाहीत. आणि दुसरे, वाईट आकडा आला म्हणून कुठल्याही सेविकेला, तलाठ्याला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला नोटीस जाऊ नये. वजनकाट्याचा अनुभव हेच सांगतो. भीती घातली की आकडे छान येतात आणि लेकरे तशीच राहतात.

खर्चाचा प्रश्न निघेल. ५२० घरांच्या चार भेटी म्हणजे २,०८० भेटी. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून ५८ लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकांसाठी चालणाऱ्या योजनांच्या निधीपुढे या भेटींचा प्रवासखर्च आणि मानधन किरकोळ आहे. परवानगीचाही प्रश्न मोठा नाही. मुलांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात जी समिती आहे तिचे अध्यक्ष आपणच आहात. तहसीलदार आपल्या हाताखाली आहेत. पाहणी करायला मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दोन जिल्ह्यांनी मिळून करण्यात आणखी एक फायदा आहे. अहमदपूरच्या पोरीचे सासर कंधारला असते, लोह्याची टोळी जळकोटच्या मुकादमाकडे असते, आणि घर एका जिल्ह्याच्या यादीतून निघून दुसऱ्याच्या यादीत पोचेपर्यंत वर्ष जाते.

पाहणीनंतर काही योजना निकामी ठरतील असेही नाही. कदाचित असे दिसेल की २,२५० रुपये वेळेवर मिळालेल्या घरांतली लेकरे खरोखरच शाळेत टिकली, आणि मग ही रक्कम आणखी वाढवण्यासाठी आपल्याकडे भक्कम पुरावा असेल. कदाचित दिसेल की पैशाइतकाच फरक वारस नोंदीने पडतो, किंवा एखादी शिक्षिका दर आठवड्याला घरी गेल्याने पडतो. काहीही दिसले तरी पुढच्या वर्षीचा निधी कुठे जास्त लावायचा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टे पडतात, ट्रॅक्टर परततात, कोपीतले सामान पुन्हा वाडीवर उतरते. १ मे रोजी ग्रामसभा असते. तोपर्यंत पाहणीच्या तीन भेटी झालेल्या असतील. त्या ग्रामसभेत आपल्या तालुक्याचा अहवाल मराठीत, सोप्या शब्दांत, कुणाचे नाव न घेता वाचून दाखवला जावा. वर्षातल्या त्या दिवशी ही घरे गावातच असतात. ज्यांच्याविषयी तो अहवाल आहे त्या आया स्वतः समोर बसून तो ऐकू शकतील, आणि कुठे काही चुकीचे लिहिले गेले असेल तर उठून सांगू शकतील. यंदाचा दसरा येण्याआधी पहिल्या भेटीची तारीख आपण दोघांनी मिळून जाहीर करावी, अशी मनापासून विनंती आहे.

कळावे,

आपला,
मराठवाड्यातील एक रहिवासी